राजुऱ्याची दारू, राजुऱ्याची बंदी आणि एक बिननावाची बैठक

आमचं राजुरा नकाशावर सापडायला जरा वेळ लागतो. चंद्रपूरहून बल्लारपूर, मग वर्धा नदीचा पूल, आणि पूल उतरला की राजुरा. पुढे रस्ता तेलंगणात आसिफाबादकडे जातो. पाऊस जोरात झाला की पुलावर पाणी येतं आणि आमचा जिल्ह्याशी संबंध तुटतो. पुण्यात ऑफिसमध्ये हे सांगितलं की लोकांना वाटतं मी फेकतोय. असो.

हा पूल महत्त्वाचा आहे, कारण १९४८ पर्यंत ती नदी म्हणजे सरहद्द होती. अलीकडे चांदा जिल्हा, म्हणजे इंग्रजांचा मध्यप्रांत. पलीकडे आम्ही, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानातला आदिलाबाद जिल्हा. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान संपलं. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा राजुरा मुंबई राज्यात आलं, पण जोडलं कुठे, तर नांदेड जिल्ह्याला! कुठे राजुरा, कुठे नांदेड. ते शहाणपण तीन वर्षं टिकलं आणि १९५९ मध्ये राजुरा चांद्याला जोडलं गेलं.

हा सगळा भूगोल आज सांगायचं कारण दारू. नदीच्या दोन काठांना दोन सरकारं, म्हणजे दारूचे दोन कायदे. आमच्याकडे १३१६ फसलीचा हैदराबाद अबकारी कायदा (फसली म्हणजे निजामाचं महसुली साल, १३१६ म्हणजे साधारण १९०६-०७). त्या कायद्याचा हेतू लोकांनी दारू सोडावी असा अजिबात नव्हता. संस्थानाच्या तिजोरीत अबकारीचा वाटा मोठा होता, त्यामुळे शिंदी आणि मोहाची विकायचा मक्ता ज्याला दिला त्याच्याकडूनच लोकांनी घ्यावी, एवढाच सरकारचा आग्रह. गोंड माणसाने घरच्या मोहाची घरी गाळली तर तो गुन्हा. देवाला आणि पितरांना थेंब वाहायला जी लागते तीच चोरून करायची वेळ त्याच्यावर आली. पलीकडच्या काठावर १९३८ मध्ये काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळाने मध्यप्रांत-वऱ्हाड दारूबंदी कायदा केला. म्हणजे एकाच नदीच्या या काठाला सरकार म्हणतं आमचीच प्या, आणि त्या काठाला सरकार म्हणतं पिऊ नका.

मग आलं मुंबई राज्य आणि मोरारजीभाईंची दारूबंदी. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आमच्याकडे लगेच लागू नव्हता. तो १९५९ च्या विस्तार-कायद्याने विदर्भ-मराठवाड्यापर्यंत पोचला. ज्या वर्षी राजुरा चांद्यात आलं त्याच वर्षी कागदोपत्री कोरडंही झालं! पुढे साठच्या दशकात राज्याने बंदी सैल केली, १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले, आणि परवान्याची दुकानं सगळीकडे झाली. त्यानंतर सास्तीकडच्या कोळसा खाणी वाढल्या, गडचांदूर-आवारपूरकडे सिमेंटचे कारखाने आले, बल्लारपूरला पेपर मिल होतीच. पगाराचा दिवस, तीन पाळ्यांचं काम आणि वाटेवर दुकान. पगाराचा पैसा दर महिन्याला हातात येणं ही या भागाला नवीन गोष्ट होती, आणि त्या पैशाला पहिलं गिऱ्हाईक कोण भेटलं ते सांगायला नको.

चंद्रपूरच्या दारूबंदीची गोष्ट अनेकांना ठाऊक आहे म्हणून भराभर सांगतो. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय बंग, राणी बंग आणि तिथल्या दारूमुक्ती आंदोलनाच्या रेट्यामुळे १९९३ मध्येच बंदी झाली होती. वर्धा त्याच्याही आधीपासून कोरडं. मधे चंद्रपूर ओलं. डिसेंबर २०१० मध्ये अॅड. पारोमिता गोस्वामी आणि श्रमिक एल्गारच्या बायका चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर चालत गेल्या. त्यात आमच्या दादाची बायको, म्हणजे माझी वहिनी पण होती. समिती बसली, अहवाल आला, सरकार बदललं, आणि १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी लागली. मग रमानाथ झा समिती नेमली गेली, आणि तिच्या अहवालानंतर २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळाने बंदी उठवली. अवैध दारू आणि गुन्हेगारी वाढली, हे कारण दिलं गेलं. जुलैत दुकानं पुन्हा उघडली.

बंदी बरोबर की चूक यावर इथे भांडण नको. (माझं मत विचाराल तर ज्या बाईच्या घरी रात्री मारहाण होते तिला 'व्यक्तिस्वातंत्र्य' शिकवायला मी जाणार नाही.) पण राजुऱ्यापुरती एक गोष्ट स्पष्ट दिसली. आमच्या दक्षिणेला तेलंगणा ओलं, पश्चिमेला नदीपलीकडे वणी, म्हणजे यवतमाळ जिल्हा, तोही ओला. सरहद्दीच्या गावाला सरहद्द ओलांडायची सवय शंभर वर्षांची. दादा रविवारी 'आसिफाबादले काम हाय' म्हणून जायचा. काय काम ते पोरासोरांनाही ठाऊक.

म्हणजे बंदी आली तरी दादा पीत होता आणि बंदी गेली तरी पीतच होता. बाटलीच्या किमतीत तेवढा फरक पडला. गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्याचा मला फोन आला. दुपारी, शुद्धीत. म्हणाला, "तू कंपुटरवाला हाय ना बे, पाहून दे मले. आमच्यासारखे लोकं कुठी बसते म्हणून आयकलं. दवाखाना नोको सांगू, दवाखाना पाहून झाला माह्या. एकट्यानं नाही सुटत, लोकं पाह्यजे."

हा माझ्या माहितीतला पहिला माणूस ज्याने माझ्याकडे सर्च करण्याचं काम दिलं आणि मला घाम फुटला. कारण असं काही शोधायला बसलो तर दारूच्या दुकानांचे परवाने सापडतात, समित्यांचे अहवाल सापडतात, मोर्च्यांचे फोटो सापडतात. दारू पिणाऱ्यांनी एकत्र बसून दारू सोडण्याचा इतिहास मात्र सापडत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर या सिस्टीमने लॉगच ठेवलेला नाही. आणि तो मुद्दाम ठेवलेला नाही, हे नंतर कळलं.

तर हा इतिहास. अमेरिकेत बाल्टिमोरला १८४० मध्ये सहा पिणारे एका गुत्त्यात बसले होते. तिथूनच उठून त्यांनी शपथ घेतली की आता बंद, आणि रोज भेटायचं ठरवलं. त्यांनी संघटनेला नाव दिलं वॉशिंग्टनचं. यात नवीन गोष्ट अशी की उपदेश करायला पाद्री नव्हता. कालपर्यंत गटारात पडलेला माणूस उभा राहून स्वतःची गोष्ट सांगायचा आणि समोरचे ऐकायचे. काही वर्षांत लाखो लोकांनी शपथा घेतल्या. फेब्रुवारी १८४२ मध्ये स्प्रिंगफील्डला त्यांच्यासमोर अब्राहम लिंकन नावाच्या एका तरुण वकिलाचं भाषण झालं, आणि त्याने हेच सांगितलं की दारुड्याला शिव्या घालून काही होत नाही. पण ही चळवळ दहा वर्षंही नीट टिकली नाही. मोठ्या सभा, मिरवणुका, प्रसिद्ध वक्ते, मग दारूबंदीच्या राजकारणात ओढाताण, आणि व्यासपीठावर गाजलेला वक्ता पुन्हा पिताना दिसला की सगळ्यांचीच लाज.

पुढची गोष्ट ९५ वर्षांनी, आणि ती दादाच्या फोनसारखीच फोनवरून सुरू होते. मे १९३५. न्यूयॉर्कचा बिल डब्ल्यू. नावाचा शेअरबाजारातला माणूस ओहायोतल्या अॅक्रन गावी धंद्याच्या कामाला गेला होता. काही महिन्यांपूर्वीच दारू सोडलेली. काम फिसकटलं, खिसा रिकामा. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याने चर्चच्या यादीवरून फोन लावायला सुरुवात केली. मागणी अशी, की मला या गावातला एखादा दारुडा भेटवून द्या. मदत करायला नव्हे हो, स्वतः वाचायला! फिरत फिरत तो पोचला डॉ. बॉब या सर्जनकडे. डॉक्टर म्हणाला पंधरा मिनिटं देतो. दोघं संध्याकाळी पाचला बसले ते रात्री अकरा वाजून गेल्यावर उठले. डॉ. बॉबने शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ ला, आणि तो दिवस अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए, आपला जन्मदिवस मानते.

मला यात सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे त्यांनी संघटनेची रचना कशी केली. अध्यक्ष नाही, वर्गणी नाही, हजेरीपट नाही. आडनाव सांगायचं नाही. बाहेरची देणगी घ्यायची नाही. बैठकीत थैली फिरते, त्यात चहाचे पैसे निघतात. सुरुवातीला त्यांनीही रॉकफेलरकडे मोठा पैसा मागून पाहिला, पण पैसा तुमचं काम बिघडवेल असं म्हणून त्याने थोडीच रक्कम दिली. श्रीमंत माणसाने गरिबाला दिलेला इतका चांगला नकार इतिहासात क्वचित सापडेल. राजकारणावर आणि दारूबंदीच्या कायद्यावर संघटनेचं मत शून्य. वॉशिंग्टनवाले ज्या खड्ड्यांत पडले ते सगळे यांनी बुजवून ठेवले. आमच्या धंद्यात याला डिस्ट्रिब्युटेड डिझाईन म्हणतात: मध्यवर्ती सर्व्हर नाही, एक केंद्र बंद पडलं तरी बाकीची चालतात, आणि दोन माणसं भेटली की नवीन केंद्र तयार. हे १९३५ ते १९५० मध्ये दारू सोडलेल्या लोकांनी अनुभवाने शोधून काढलं. कोणी आर्किटेक्ट नव्हता.

भारतात मुंबईला एएची बैठक १९५७ मध्ये सुरू झाली. दारूबंदीच्या मुंबईत, हे लक्षात घ्या. प्यायला परमिट लागायचं अशा शहरात दारू सोडायची बैठक! कायदा आणि व्यसन यांचा एकमेकांशी किती संबंध आहे ते यावरून समजावं.

पुण्याला २९ ऑगस्ट १९८६ ला 'मुक्तांगण' सुरू झालं, त्याला मात्र संस्थापक आहेत आणि त्यांची नावं घ्यायलाच हवीत: डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट. गर्दच्या व्यसनावर अवचटांनी लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी देणगी दिली आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात काम उभं राहिलं. तिथे उपचार आहेत, डॉक्टर आहेत, पण व्यसनातून बाहेर आलेला माणूसच नवीन माणसाला सांभाळतो हे सूत्र तेच.

आणि आमच्याकडे? आमच्याकडे काहीच नव्हतं असं लिहिलं तर चुलत आजोबा स्वर्गातून काठी फेकून मारतील. वारकऱ्याने माळ घातली की दारू बंद, ही पद्धत तर शेकडो वर्षांची. तुकडोजी महाराजांनी गुरुदेव सेवा मंडळं काढली आणि संध्याकाळी सगळ्या गावाने ओळीत बसून सामुदायिक प्रार्थना करायची सवय लावली. आजही चंद्रपूर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत ती होते. संध्याकाळची वेळ, एवढ्यावरच लक्ष द्या. पिणाऱ्याच्या दिवसातला सगळ्यात अवघड तास तोच. भंडारा-नागपूरकडे महानत्यागी बाबा जुमदेवजींचे 'परमात्मा एक'चे सेवक आहेत. चार तत्त्व, तीन शब्द, पाच नियम, आणि सेवक झाला की दारू घरात नाही. शहरातल्या व्यसनमुक्तीच्या पुस्तकांत याची ओळही दिसत नाही, पण पूर्व विदर्भात ज्यांची घरं वसली त्यांना विचारा.

दादाने यातली माळ घालून पाहिली होती. दोनदा. सोळा महिने टिकली, मग तुटली. त्याचं म्हणणं असं की माळ तुटल्यावर तिथे परत जाता येत नाही, लोकं तोंडाकडे पाहतात. इथे मला शपथेची आणि बैठकीची रीत वेगळी दिसली. शपथ मोडली की माणूस बाहेर. बैठकीत मोडून आलेल्याला पुन्हा पहिली खुर्ची. "आजचा दिवस" एवढंच मोजायचं असल्यामुळे मोडण्यासारखं फार काही शिल्लकच राहत नाही.

शोधून शेवटी सापडली. फोन केला, पलीकडच्या माणसाने एकच विचारलं, "त्यांना स्वतःला यायचं आहे ना?" आणि दुसरं सांगितलं ते सगळ्यांनी वाचावं असं आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करायचं नाही, आधी डॉक्टरला दाखवायचं. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. घरात कोंडून ठेवून दारू सोडवणाऱ्या नातेवाइकांना हे कोणी सांगत नाही. आणि नुसती दुकानं बंद झाली की काय होतं तेही आम्ही जवळून पाहिलंय: एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीत दुकानं बंद होती तेव्हा वणीत सॅनिटायझर पिऊन सात माणसं गेली. नदीपलीकडचं वणी. म्हणून आधी सरकारी दवाखान्यात गोळ्या सुरू केल्या, दहा दिवसांनी बैठक.

ती कुठे भरते ते सांगत नाही, सांगायचं नसतं. एक खोली, ट्यूबलाइट, प्लास्टिकच्या खुर्च्या. बैठक सगळ्यांसाठी खुली होती म्हणून मलाही बसू दिलं. सात-आठ जण. एकाच्या पायात खाणीतले बूट, ड्युटीवरून सरळ आलेला. एक जण मास्तर असावा, बोलण्यावरून. कोणी कोणाला सल्ला देत नव्हतं, याची मला फार गंमत वाटली, कारण आमच्याकडे दोन माणसं जमली की तीन सल्ले निघतात. बूटवाला म्हणाला, पगाराच्या दिवशी मी घरी जायचा रस्ता बदलतो, एक किलोमीटर जास्त पडतं. बस, एवढंच त्याचं बोलणं. बाकीचे मान हलवत होते. दादाची पाळी आली तेव्हा तो नाव सांगून गप्प बसला. कोणी ढोसलं नाही. चहा आला.

परत येताना पुलावर म्हणाला, "त्या बुटावाल्यानं माह्यी गोष्ट सांगतली बे."

हे काम करतं का, हा इंजिनियरी प्रश्न मला पडलाच. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास एकत्र तपासले, एकूण १०,५६५ माणसं. एएकडे नीट जोडून देणाऱ्या उपचारात वर्षभराने सुमारे ४२ टक्के पूर्ण कोरडे होते, इतर मान्य उपचारांत ३५ टक्के. अभ्यास बहुतेक अमेरिकेतले, राजुऱ्याला जसेच्या तसे लावू नयेत. आणि ४२ म्हणजे ५८ राहिलेच. पण फुकट, दर आठवड्याला, कायमचं, या भावात हे आकडे मला चांगले वाटतात. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ'ने तालुक्या-तालुक्यात व्यसन-उपचाराचं क्लिनिक आणि गावागावात संघटना अशी जोडी लावली, तीही याच विचाराची. बंदी असलेल्या जिल्ह्यातसुद्धा पिणाऱ्याला बसायला जागा लागते.

ज्यांना असं काही शोधायचं असेल त्यांनी १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा नंबर लावावा, आणि मन फार खचलं असेल तर १४४१६, टेलिमानस. दोन्ही फुकट.

राहिली वहिनी. ती चिमूरहून नागपूरपर्यंत चालली, तिने बंदी येताना पाहिली, जाताना पाहिली, आणि दादा बैठकीला जायला लागला तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "आन् आमच्यासाठी का हाय? आमी वीस वर्सं काढले, आमचं कोन आयकते?" प्रश्न जुना आहे. बिलची बायको लोईस हिनेही हाच विचार केला होता. पिणाऱ्यांचे नवरे-बायका, आई-बाप यांच्यासाठी १९५१ मध्ये अल-अॅनॉन निघालं ते त्यातूनच. मुक्तांगणात बायकांचा 'सहचरी' गट आहे. आमच्या बाजूला शोधतोय. तोवर वहिनीने मोर्च्यातल्या तिच्या दोन मैत्रिणींना निरोप धाडला. एकीचा नवरा वारला, एकीचा अजून पितो. मंगळवारी दुपारी वहिनीच्या ओसरीवर बसतात. पापड लाटायचे असं घरी सांगतात, आणि लाटतातही.